शेवंतीने घेतलेली बाजू

शेवंती गेल्याचं मला कणकवलीला, शाळेत कळलं. मधल्या सुट्टीत मालवणहून एस.टी.ने आलेली एक ओळखीची बाई पायरीवर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमची ती शेवंती... रेडीक दिलेली. कावीळ झाली, आठ दिवसांत आटापला." तिशीसुद्धा उलटली नव्हती तिची. मी पुढचा तास घेतला. काय शिकवलं, देव जाणे.

महिना झाला त्याला. तिच्यावर लिहायला बसले आहे खरी, पण चार बरे शब्द लिहून मोकळं होणं मला जमायचं नाही. तिचं आयुष्य ज्या दिवशी वाकडं वळलं त्या दिवसात माझा हात होता, आणि ते आजवर मी एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही दोघी मालवणच्या शाळेत एका बाकावर, दहावीत. तिचे वडील होडीवर जाणारे, माझे कचेरीत कारकून. तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेसाठी आमची जोडी निवडली गेली तेव्हा वादविवाद कशाशी खातात हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. भांडता चांगलं येत होतं, तेवढ्यावरच निवड झाली असावी. सरांनी रीत समजावली आणि आम्ही चक्रावलो. जोडीतली एक विषयाच्या बाजूने बोलणार, दुसरी विरुद्ध, आणि ढाल मिळणार दोघींचे गुण एकत्र धरून. म्हणजे एकमेकींना खोडून काढायचं, तेही एकमेकींना जिंकवण्यासाठी! शेवंतीला ते माझ्या आधी उमगलं. "सासू-सुनेसारखा," ती म्हणाली, "भांडाण आपला, घरय आपलाच." मग सरांनी बाकीचं शिकवलं. पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला पहिली घंटा. समोरचा काय म्हणेल ते आधी आपणच कागदावर लिहायचं. त्याचा मुद्दा धड मांडून मगच तो खोडायचा. मला हे शेवटचं कधी साधलं नाही, मी आपली तुटून पडायची. शेवंती किनाऱ्यावर सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, राखत बसायची आणि कावळ्यांना हाकलता हाकलता दोन्ही बाजूंनी बोलायची. भाषणात 'मला'च्या जागी 'माका' निघालं की स्वतःच्या दंडाला चिमटा काढायची. स्पर्धा जवळ आली तेव्हा तिचा दंड हिरवानिळा झाला होता.

विषय आला, 'मुलींना उच्च शिक्षणाची गरज आहे'. सरांनी तिला अनुकूल बाजू दिली, मला प्रतिकूल. माझे वडील ऐकायला येणार होते. मला मॅट्रिकला बसवायचं की उजवून टाकायचं यावर घरात रोज खटके उडत होते, आणि मी व्यासपीठावरून 'मुलींना शिकवू नका' म्हटलं असतं तर त्यांना आयतंच सापडलं असतं. हे मला स्वच्छ दिसत होतं. आदल्या दिवशी मी शेवंतीपुढे रडले. तिने जराही विचार केला नाही. "दी तुझी बाजू माका. माझो बाबा खंय येतलो थंय?" सरांना तिनेच सांगितलं, प्रतिकूल बाजू मलाच हवी म्हणून.

तिचा बाबा आला. नारळी पुनव व्हायची होती, होड्या अजून पाण्यात लोटल्या नव्हत्या, माणूस मोकळा होता. धुतलेलं धोतर नेसून तो अगदी मागे भिंतीला टेकून उभा राहिला. आणि शेवंती काय बोलली त्या दिवशी... घर, आई, चूल, लहान भावंडं, एकेक मुद्दा असा मांडला की माझं मलाच वाटलं, खरंच की. ढाल आम्हाला मिळाली. दिवाळीनंतर शेवंती शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा बाबा जाळं विणत होता. ती त्याला सांगून थकली होती की ती नुसती स्पर्धा होती. त्याला ते पटेना. चारचौघांत उभं राहून माणूस बोलतो तो त्याचा शब्द, एवढंच त्याला माहीत. माझ्यादेखत तो तिला म्हणाला, "इतक्या लोकांत बोललंस. आता फिरतलंस? की तेव्हा खोटा बोललंस?" शेवंतीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंड उघडायची पाळी माझी होती. मी उघडलं नाही, घरी निघून आले.

मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले. ती लग्न होऊन रेडीला गेली. मी तिला टाळत राहिले. एकदा मालवणच्या बाजारात गाठ पडली तेव्हा तिनेच हात धरला आणि हसत विचारलं, "पोरांका भांडूक शिकवतंस मा?" मी घाई आहे म्हणून सटकले. लाज वाटते लिहिताना.

बाराव्याला मी रेडीला गेले. तिचा बाबा, आता म्हातारा झालेला, ओटीवर एकटाच बसला होता. मी समोर बसले आणि चौदा वर्षं गिळलेलं सगळं सांगितलं. ती बाजू माझी होती, मी भिऊन तिच्या गळ्यात मारली. तो म्हणाला, "माका येका शब्दान बोलूक नाय शेवंतीन." थोड्या वेळाने पुन्हा, "बोलला आसता तर गावभर झाला आसता. तुझ्या बापाशीन तुका घरात बसयली आसती."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "तू शिकलंस मा पुरा? मगे तेचा फुकट नाय गेला?"

इतकी वर्षं मी मुलांना बोलायला शिकवते आहे. त्याला मी एवढंच म्हणू शकले, "शिकले."