देवाचा कौल आणि विजयाकाकीचा अर्ज

कबड्डीच्या मैदानावर विजयाकाकी पैज लावायची, पण नारळाची. पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत पाय दुमडून बसायची, पदराला पोलीस पाटलाचा बिल्ला लावलेला, आणि सामना सुरू झाला की शेजारणीला कोपराने ढोसून विचारायची, "कोणावर लावतंस गो?" हरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ शेजारणीच्या दारात. जिंकली तर स्वतः जाऊन घेऊन यायची, तिथे भीडभाड नाही. गावात जुगार होऊ नये म्हणून जिला सरकारने नेमलं तीच पैजा लावते, असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "गुरुजी, नारळ हरलंय तर शेजारणीकडे खोबरां जाता. पैसो हरलंय तर घरातली चूल जाता."

कोकणात, मिठबावच्या अलीकडे आमचं गाव. तिथलं पोलीस पाटलाचं पद महिलेसाठी राखीव झालं, तेव्हा यजमान गेल्यावर घरात बसून काय करायचं म्हणून काकी परीक्षेला बसली आणि पहिली आली. लोक हसले. पहिल्याच जत्रेत ते हसू मावळलं. देवळामागे बाहेरगावचा एक इसम पत्ते मांडून बसला होता. काकीने ना आरडाओरडा केला, ना पोलिसांना फोन. घरून स्टूल आणलं, त्याच्या चादरीला चिकटून ठेवलं आणि चणे खात बसली. तिच्या देखत पैसे लावायला कोण बसणार? जरा वेळाने त्या इसमाने चादर गुंडाळली. जाताना काकीने त्यालाही मूठभर चणे दिले.

मला स्वतःला कायद्याचा उमाळा कधीच नव्हता. शाळेत मास्तरकी केली, तिथे परिपत्रकं वाचून वाचून जीव विटला होता. काकीला मात्र सरकार म्हणजे घरातलं कोणी वडीलधारं माणूस वाटायचं, थोडं आडमुठं, पण आपलंच. त्या विश्वासानेच पुढे तिचा घात केला.

दिगू आमच्या संघाचा चढाईपटू. पोटासाठी आंब्याच्या बागांतून झाडावर चढायचा. एका सामन्यात पकडीत त्याचा गुडघा पिरगळला. कोल्हापूरच्या डॉक्टरने सांगितलं, आतली शीर तुटली आहे, ऑपरेशन लवकर करा, उशीर झाला तर पाय कामातून जाईल. एवढे पैसे कुठून आणायचे? मंडळाच्या पोरांनी ठरवलं, आपल्या वार्षिक स्पर्धेत लकी ड्रॉ ठेवायचा, पहिलं बक्षीस फ्रीज. कूपनं गावात आणि मुंबईकरांत खपवायची आणि जमेल ते दिगूच्या पायाला.

आमच्याकडे विहीर खणायची असो की होडी पाण्यात लोटायची असो, देवाला विचारल्याशिवाय काही होत नाही. तेव्हा पोरं रीतसर सातेरीच्या देवळात गेली. गुरवाने कौलासाठी देवीच्या मूर्तीला फुलांचे कळे चिकटवले, गावकराने गावाच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, आणि उजवा कळा पडला. देवानेच हो म्हटल्यावर आणखी कोणाला विचारायचं असतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. बिचाऱ्या पोरांनी देवाला न विचारता गुपचूप कूपनं विकली असती, तर काकीला कळेपर्यंत फ्रीज कोणाच्या तरी घरात थंड झाला असता. पण काकी त्या वेळी देवळात ओटी भरायला आली होती. सगळं तिने कानांनी ऐकलं.

बाहेर आल्यावर तिने पोरांना थांबवलं. दिगूच्या पायासाठी करताय ते चांगलंच, म्हणाली, पण कूपन विकून सोडत काढायची तर ती लॉटरी झाली, तिला सरकारची परवानगी लागते. शेजारच्या गावातल्या ड्रॉची आठवणही तिने करून दिली, तिथली दुचाकी आयोजकाच्याच मेव्हण्याला लागली होती आणि त्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती. मंडळाचा अध्यक्ष बाबलो तापला. "काकी, सरकार सोता लॉटरी इकता, ती चलता?"

"सरकारान झाड तोडल्यान तर रस्तो होता, तू तोडलंस तर चोरी," काकी म्हणाली. "माका तां बरां वाटता असां नाय. पण तां तसां आसा. परवानगी मी हाडून देतंय."

परवानगी आणून द्यायचा शब्द तिने दिला आणि माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. मग तिच्या वाऱ्या सुरू झाल्या. एरवी मालवणीत फटाफटा बोलणारी काकी कार्यालयात गेली की इस्त्री केलेल्या मराठीत बोलायची, "साहेब, हा धर्मादाय कार्यक्रम आहे." पोलीस म्हणाले, महसूलकडे जा. महसूलवाले म्हणाले, हे धर्मादायचं. धर्मादायवाले म्हणाले, आधी मंडळाची नोंदणी दाखवा. कधी साहेब बैठकीला गेलेले, कधी टेबल बदललेलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण हसत म्हणतो. दिगूचा गुडघा थांबणारा नव्हता. नाही असं तिला कोणीच म्हणालं नाही. म्हटलं असतं तर पोरांनी दुसरा काही मार्ग तरी काढला असता.

स्पर्धा आली आणि गेली. ड्रॉ झाला नाही. काकी स्वतः मैदानाच्या दारावर मदतीचा डबा घेऊन बसली, आपलं मानधनही तिने त्यात टाकलं. पण फ्रीजच्या आशेने जो हात खिशात गेला असता, तो नुसत्या पायासाठी तितका खोल जात नाही. माणसं वाईट नव्हती, माणसांसारखी होती. इकडे आंब्याचा हंगाम सुरू झाला. घर चालायला हवं म्हणून दिगू तसाच झाडावर चढला आणि उतरताना गुडघ्याने पुन्हा दगा दिला. पुढे नातेवाइकांनी पैसे उभे केले, ऑपरेशनही झालं, पण डॉक्टर म्हणाला, आता यापेक्षा जास्त होणार नाही.

काकीला तोंडावर कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. ती आली की बोलणं थांबायचं, एवढंच. पुढच्या स्पर्धेत पहिल्या रांगेत तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. तिने मान वर करून सगळे सामने पाहिले. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, पण कोणावर ते कळेना.

त्यानंतर तिला तालुक्याच्या एका कार्यालयात बैठक होती. मलाही तिथे काम होतं, म्हणून बरोबर गेलो. साहेब नवा होता, बोलायला चांगला. दुसऱ्या गावाची तरी अशी अडचण होऊ नये म्हणून काकीने त्याच्यापुढे सोडतीच्या परवानगीचा विषय काढला. तो हसून म्हणाला, "अहो पाटीलबाई, एवढ्याशा सोडतीला कोण विचारतं? करून टाकायची होती. तुम्ही अर्ज दिलात की मग आम्हाला नियम बघावा लागतो." आणि त्याने चहा मागवला.

तो माणूस खोटं बोलला नाही. हे आपल्या सगळ्यांना आतून ठाऊक असतं. काकीला नव्हतं. चहा तसाच ठेवून ती उठली. एसटीत खिडकीबाहेर बघत बसली आणि गावात उतरल्यावर घराकडे न वळता दिगूच्या वाटेला लागली. मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग? ती थांबली नाही.

दिगू घरापुढच्या खळ्यात बसून आंब्याच्या पेट्यांत गवत भरत होता. काकीने उभ्या उभ्याच साहेबाचे शब्द त्याला सांगितले, एकही न गाळता. त्याने हातातलं गवत खाली ठेवलं. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तुमी सरकाराक इचारल्यात, आमी देवाक," तो म्हणाला. "कोणाकच इचारूक नको होतां, काकी."

काकीने त्याच्या गुडघ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "माका चलून दाखय."

इतके महिने तो रस्त्यात दिसला की ती दुसरीकडे बघायची, हे मी पाहिलं होतं आणि त्यानेही पाहिलं असणार. तो पेटीचा आधार घेऊन उठला. खळ्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. गुडघा वाकत नव्हता, कमरेतून पाय फेकत तो चालत होता. काकीने पदर तोंडाला लावला नाही, नजर हलवली नाही. तो बसेपर्यंत ती बघत राहिली.

परत येताना पाणंदीत ती थांबली. "गुरुजी, देवान सांगल्यान तां बरोबर. सरकाराचो नियम, तोय बरोबर. मी पण कोणाचां वायट चितूक नाय. मगे ह्या पोराचो पाय कोणाच्या वाट्याक घालूचो?"

मी मास्तर माणूस, उत्तरं द्यायची सवय. तेव्हा मात्र, अंधार पडतोय, घराकडे चला, एवढंच म्हणालो. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात काकी तापाने गेली. तिला जरा बरं वाटेल असं काहीतरी त्या पाणंदीत बोलायला हवं होतं. ते काय, हे मला अजून सुचलेलं नाही.