पडद्याकडे पाठ

तंबूच्या सिनेमात सगळी माणसं पडद्याकडे तोंड करून बसत आणि बाबालालचाचा पडद्याकडे पाठ करून उभे राहत. चाकणच्या बाजारतळावर दर हिवाळ्यात टुरिंग टॉकीजचा तंबू पडे. दारावर तिकिटं फाडायचं काम चाचांचं. खेळ सुरू झाला की ते पडद्याशेजारच्या खांबाला टेकून लोकांकडे बघत राहत. मी लग्न होऊन नुकतीच चाकणला आले होते. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मला वाटलं, पाकीटमारांवर नजर ठेवत असतील. एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिकडं काय हाय, वैनी? पांढरं धोतर टांगलंय नुसतं. पिक्चर लोकांच्या तोंडावर असतंय."

स्वभावाने भारी काळजीखोर. वारा सुटला की तंबूचे दोर चाचपणार, वीज करणाऱ्या इंजिनाचा आवाज जरा बदलला की पळत जाणार. पडद्यावरचं मूल रडायला लागलं तरी बायकांच्या कनातीत डोकावून कुणाचं खरं मूल रडत नाही ना, ते बघणार. "काळजी म्हंजी घरची कोंबडी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "हाकलली तरी सांजच्याला खुराड्यात हजर." आम्ही बायका हसायचो. ती कोंबडी कुठल्या अंड्यावर बसली होती, ते मला फार उशिरा कळलं.

त्यांची पाठची बहीण हुसेनबी त्यांच्याच घरी राहायची. मी तिला आपा म्हणे. तिचा नवरा कासम फाळणीच्या आधी कराचीला गोदीत कामाला गेला, तो तिकडेच राहिला. त्याचं कधी पत्र आलं नाही. पण दर ईदेला चाचा कुठून तरी त्याची खुशाली आणत. कधी तळेगाव स्टेशनावर कुणी भेटलेला असे, कधी पुण्याच्या कॅम्पात. कासम बरा आहे, जरा सर्दी झालीय, परवाना मिळाला की निघणार आहे. हुसेनबी शिरखुर्म्याची वाटी भावाच्या हातात देऊन चुलीपुढे बसून ऐके. मध्येच विचारी, "वाळलाय का?" चाचा म्हणत, "थोडा." मग ती पुन्हा चुलीत लाकूड सारी. तिचे हात हिरव्या बांगड्यांनी कायम भरलेले असत.

मला चाकणला येऊन काही वर्षं झाली होती. एका हिवाळ्यात तंबूच्या मालकाने एक रहस्यपट आणायचं ठरवलं. आदल्या वर्षीच्या रहस्यपटाची वाट कांद्याच्या बाजाराने लावली होती. एका हमालाने पोती चढवता चढवता "खून डॉक्टरनं केलाय!" असं ओरडून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तंबूत चिटपाखरू नाही. म्हणून या खेपेला चाचांनी तोड काढली. दाराशी पितळी ताटलीत निमगावच्या खंडोबाचा भंडारा ठेवायचा. बाहेर पडणाऱ्याने चिमूटभर उचलून शपथ घ्यायची, की शेवट कुणाला सांगणार नाही. मुसलमानाच्या हातात खंडोबाचा भंडारा बघून कुणी हसलंच तर चाचा म्हणत, "देव तुमचा, ताटली माझी. शब्द मोडलास तर आमी दोगं मिळून बघू." भंडारा उचलून फिरणारा माणूस आमच्याकडे सापडायचा नाही.

रिळं यायच्या आधीच ते टांग्यात बसून, कर्णा तोंडाला लावून गावभर फिरले. "आयाबायांनो, परदेशी गेलेल्या धन्याची वाट बघनाऱ्या सतीची कहाणी! शेवट बघून काळीज हलंल!" तो शेवट काय आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी मी यजमानांबरोबर जाऊन आले. सिनेमातल्या बाईचा नवरा समुद्रापार गेलेला. त्याचा मित्र दर सणाला येऊन त्याची खुशाली सांगतो, आणि सगळा तंबू त्या मित्रावर खूश. शेवटच्या रिळात कळतं, की नवऱ्याने तिकडे केव्हाच दुसरा संसार थाटलाय आणि मित्राने आणलेली एकूण एक खुशाली मनाने रचलेली होती. बायका हमसून रडल्या, मीही रडले. दाराशी भंडारा उचलला तेव्हा चाचा ताटलीकडेच बघत होते, कुणाच्या तोंडाकडे नाही. मला वाटलं, दमलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या परसदारी आले. घसा बसलेला. "वैनी, हुसेन आज पिक्चरला जाती म्हनती. तिला थांबवा."

"का हो चाचा?"

ते पायरीवर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. "कासमनं तिकडं निका लावलाय. पोरंबाळं हायती. तळेगावचा एकजन डोळ्यानं बघून आला. पैल्या ईदेला हुसेननं इचारलं, तवा तोंडातनं निघून गेलं, बरा हाय म्हनून. एकदा निघालं ते निघालं, मग दर ईदेला बोलावं लागलं. वैनी, त्या पिक्चरमदला दोस्त म्हंजी मीच की वो! ती त्याला बघंल आन मला वळखंल."

मी म्हटलं, "मग नवरा परत येत नाही, एवढं सांगून टाका ना. जाणारच नाहीत त्या."

"भंडारा उचललाय वैनी. समद्या गावाला मीच उचलाय लावलाय." पिक्चर भंगार आहे असं त्यांनी बहिणीला सांगून बघितलं होतं. ती म्हणाली होती, "भंगार हाय तर येवढ्या शपता कशाला?"

मी माझ्या परीने खटपट केली. घरी पाहुणे यायचेत म्हटलं, पाय मुरगळलाय म्हटलं. हुसेनबी केसांना तेल लावत म्हणाली, "तुला जमत न्हाई तर मी एकली जाते." एकटीला कसं जाऊ द्यायचं? शेवटी चाचांनी आणि मी मिळून बेत केला. तंबूत मशीन एकच, त्यामुळे दर रीळ संपलं की दिवे लागत आणि दुसरं चढेपर्यंत लोक शेंगा खात. शेवटचं रीळ चढायच्या आधी मी चक्कर आल्याचं सोंग करायचं आणि तिला बाहेर काढायचं.

शेवट ठाऊक असला की तोच सिनेमा निराळा दिसतो. आदल्या दिवशी ज्या मित्राच्या थट्टेला मी खुदखुदले होते, त्याचं हसू आज ओठांवरच अडकलेलं दिसत होतं. तो बोलायच्या आधी नेहमी खाली बघतो, हे काल लक्षातच आलं नव्हतं. भोवती सगळ्या बाया हसत होत्या आणि मी रिळं मोजत होते. हुसेनबी शेजारी शेंगा फोडत होती. पडद्यावर मित्र म्हणाला, "बरा आहे, जरा वाळलाय," आणि शेंगा फुटायच्या थांबल्या. तिकडे खांबाला टेकलेले चाचा त्या भरल्या तंबूत एकच चेहरा बघत होते.

घाबरलेल्या माणसाला दम कुठला निघतो! दुसऱ्याच रिळाला दिवे लागले आणि ते कनातीजवळ येऊन विचारू लागले, "वैनी, चक्कर येती का तुमाला?" मी डोळ्यांनी दटावलं. पुढच्या रिळाला पुन्हा आले. हुसेनबी म्हणाली, "भाई, तिला कशाला चक्कर येईल? शेंगा खाती हाय."

शेवटच्या रिळाआधी दिवे लागले. मी तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. "आपा, गरगरतंय हो. घरी चला."

तिने माझ्या कपाळाला हात लावला. "गार हायस. बस गुमान." मी तिचा हात धरून ओढलं, तर तिने मलाच खाली बसवलं. "आता कुटं उटतीस? आता तर तिचा धनी यायचा."

दिवे गेले. मी खांबाकडे बघितलं. बाबालालचाचा वळले होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड पडद्याकडे होतं आणि आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. बहिणीचा चेहरा बघायची त्यांची छाती झाली नाही.

पडद्यावर सगळं उघड झालं. बायकांनी गळा काढला. मान वळवून शेजारी बघायचं धाडस मलाही होईना. आणि मग त्या रडारडीत माझ्या कानाशी आवाज आला, शेंग फुटल्याचा. मग दुसरी फुटली. हुसेनबी सावकाश शेंगा खात होती. नजर पडद्यावर नव्हती, भावाच्या पाठीवर होती.

दाराशी आमची पाळी आली तेव्हा चाचा खाली मान घालून ताटली पुढे करत होते.

"नीट धर, सांडती," हुसेनबी म्हणाली. "आन मला कशाला देतोस? मी लई वर्सं झाली, उचलूनच हाय."

चाचांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो, आणि आठवला की गलबलतं.

"गावाची तोंडं वाचत फिरतोस," ती म्हणाली. "तुजं तोंड कुनाला वाचता येत न्हाई, असं वाटलं व्हय? पैल्याच ईदेला कळलं मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू लांबलांबनं खुशाली घिऊन यायचास. दारातनं कशी परतवू?"

मागून लोक ओरडायला लागले, चला की पुढं. ती पदर सावरून निघाली. चाचा पुढच्या माणसाला शपथ घालायचीच विसरले.

पुढच्या ईदेला मी त्यांच्याकडे गेले होते. चाचा शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन मुकाट बसलेले. हुसेनबी चुलीपुढूनच म्हणाली, "काय रं भाई, औंदा स्टेशनावर कुनी भेटलं न्हाई?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. घसा खाकरला. "भेटला की."

"वाळलाय का?"

"न्हाई. औंदा पोट सुटलंय भाड्याचं."

हुसेनबी तोंडाला पदर लावून हसत सुटली, तशी चाचांच्याही मिशा हलायला लागल्या. त्यानंतर दर ईदेला ती खुशाली यायची, आणि ऐकायला मीही मुद्दाम जायची.

चाचा गेले तेही हिवाळ्याच्या तोंडाशी, तंबू यायच्या आधी. आजारपणातही घोर तंबूचाच. मला म्हणाले, "वैनी, भंडारा दमट झाला आसंल. उनात टाका." मी टाकला. ताटली पुसून त्यांच्या फळीवर ठेवून आले.

त्यानंतरच्या पहिल्या ईदेला हुसेनबीने वाटी माझ्या हातात दिली आणि नेहमीसारखी चुलीपुढे जाऊन बसली. कान माझ्याकडे. मला कधी धड थाप मारता आलेली नाही. शेवटी म्हणाले, "आपा, काल तळेगाव स्टेशनावर एकजण भेटला. कासमभाई बरे आहेत म्हणाला."

तिने लाकूड आत सारलं. वळून बघितलं नाही.

"कासमचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "भाई कसा हाय?"

मी वाटी खाली ठेवली.

"बरे आहेत," मी म्हणाले. "काळजी मात्र फार करतात."