ह्यांचा गुडघा आणि डिकीतला ॲम्प्लिफायर

आमच्या ह्यांचा गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ऑपरेशन आम्ही केलंय, पाय वाकवून घ्यायचं काम तुमचं. आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा. पहिले दोन महिने हातचे गेले, तर पुढे पाय जेवढा वाकतो तेवढाच राहील. मी मान डोलावली. पंचेचाळीस वर्षांत ज्या माणसाचा हट्ट वाकला नाही त्याचा गुडघा मी काय वाकवणार, हे मात्र डॉक्टरांना बोलले नाही.

व्यायाम मीरा रोडला, आणि आम्ही राहतो भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या बाजूला. पहिल्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी पाय दाबला, हे ओरडले, आणि घरी येऊन जाहीर केलं की परत जाणार नाही. तिथे आमची नात धावून आली. तिच्याकडे एक जुनी गाडी आहे. गाडीपेक्षा तिच्यातले स्पीकर मोठे, आणि ह्या स्पीकरना जोर पुरवणारा ॲम्प्लिफायर मागे डिकीत बसवलेला. तिने आबांना पुढे बसवलं, त्यांची नाट्यगीतं लावली आणि आवाज वाढवला. ह्यांना अलीकडे जरा कमी ऐकू येतं. घरी आवाज वाढवला तर वरच्या मजल्यावरून फोन येतो. गाडीत कोण बोलणार? त्या दिवसापासून हे इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून निघायला लागले. व्यायामाला नाही, बैठकीला.

दुसऱ्या आठवड्यात, ऐन तानेच्या मध्यावर, आवाज गेला.

"गाडी वळव," हे म्हणाले.

"आबा, गाणं बंद पडलंय. पाय नाही!" नात म्हणाली.

"पाय त्या गाण्याच्या भरवशावर निघाला होता. वळव."

गाडी वळली. सोसायटीच्या फाटकात शिरताना आवाज आपोआप परत आला, पण हे तोवर रुसून बसलेले. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला नीट वाजला, म्हणून आम्ही खूश, तर परत येताना बंद. चालू, बंद, चालू. अगदी माझ्या सासूबाईंच्या अबोल्यासारखं. कशामुळे धरला कळायचं नाही, कशामुळे सुटला तेही नाही.

गोडदेवला गाड्यांचे स्पीकर बसवून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने तासभर वाजवला. एकदाही थांबला नाही.

"माताजी, मस्त बज रहा है. कुछ नहीं है इसमें."

"अरे भय्या, रस्ते में बंद पडता है," मी माझ्या हिंदीत म्हटलं.

"तो रस्ते में ही दिखाओ ना!"

दुसऱ्यांदा गेलो, तेच. तिसऱ्यांदा आम्हाला लांबून बघूनच तो म्हणाला, "बोर्ड गया होगा. नया डाल दो."

न उघडता 'गया होगा' म्हणणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. कारण तसा माणूस मी स्वतः होऊन गेलेय.

लग्नाआधी मी मुंबईत एका रेडिओच्या कंपनीत दुरुस्ती विभागात होते. बावीस वर्षांची, कानाशी बट सोडलेली, हातात सोल्डरिंगची इस्त्री, आणि डोक्यात हवा. बंद पडलेला रेडिओ आला की ती पोरगी आधी भाग बदलायची, मग विचार करायची. बदलून भागलं नाही तर थोपटायची. थोपटून वाजला तर स्वतःलाच शाबासकी द्यायची. तिला आज भेटले तर कान धरीन, पण तिची बट मला अजून आवडते.

तर मी घरी सांगितलं, ॲम्प्लिफायर मी दुरुस्त करणार.

"तू?" हे म्हणाले. "तुला फोनवर फोटो सापडत नाही."

"फोटो फोनमध्ये असतो. बिघाड वस्तूत असतो."

"मग तो सापडेपर्यंत मी घरातच बसतो."

म्हणजे आता घोडं माझ्यावर अडलेलं. दोन महिन्यांतले साडेतीन आठवडे गेले होते आणि ह्यांचा पाय पाटावर बसायचं सोडा, खुर्चीखाली सुद्धा जात नव्हता.

मी एक वही केली. कधी बंद पडला, किती वेळाने, ऊन होतं का, गाडी चालू होती का. नातीने मला डिकीशी स्टूल टाकून दिलं. कंपाउंडमध्ये भर दुपारी मी तास-तास बसून नाट्यगीतं ऐकायचे. वॉचमन विचारायचा, "आजी, प्रोग्राम है क्या?" ॲम्प्लिफायर शहाण्या बाळासारखा वाजत राहायचा. वहीत मी रोज लिहायचे, दोष नाही. दोष नाही. दोष नाही.

चौथ्या दिवशी नात कठड्याला टेकून बघत उभी होती. म्हणाली, "आजी, तू दर वेळी त्याचं झबलं काढून का बसतेस?"

झबलं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या घरात टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला आहे, शिलाई मशीनला तर सणाचं आणि रोजचं अशी दोन आहेत. नातीने एवढी महागाची वस्तू डिकीच्या धुळीत उघडी ठेवलेली मला बघवली नाही, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात तिला क्रोशाचं कव्हर विणलं होतं. आतून जाड अस्तर, कडेला झालर. तपासताना मळू नये म्हणून मी ते काढून, घडी करून मांडीवर ठेवायचे. गोडदेवला जातानासुद्धा काढून पिशवीत ठेवलं होतं, त्याचे हात तेलकट असतात म्हणून.

मी मांडीवरच्या घडीकडे बघितलं आणि मला एकदम एक म्हातारेबुवा आठवले. रेडिओ कंपनीत त्यांचा छोटा ट्रान्झिस्टर तीनदा आमच्याकडे आला होता. मी तीनदा तो चामडी पाकिटातून काढला, तासभर वाजवला, आणि चिठ्ठीवर वळणदार अक्षरात 'दोष नाही' लिहून परत धाडला. चौथ्या वेळी ते स्वतः येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "बाई," म्हणाले, "आमचा रेडिओ कपडे घालून असतो. तुम्ही त्याला उघडा करून तपासता." पाकीट घट्ट होतं, त्याने मागचं झाकण दाबलं जायचं आणि आतले सेल सरकायचे. सगळा विभाग हसला होता. मी बट कानामागे सारून म्हटलं होतं, असं पुन्हा होणार नाही.

पन्नास वर्षांनी झालं. आणि या वेळी कपडे शिवणारीही मीच.

कव्हर घातलं आणि वाजवायला लागलो. बावीस मिनिटांनी आवाज गेला आणि बाजूचा लाल दिवा लागला. हात लावला तर तव्यासारखा तापलेला. त्याच्या अंगावरच्या ॲल्युमिनियमच्या खाचा म्हणजे त्याची नाकं, ती मी अस्तर लावून बंद केली होती. बिचारा गुदमरून गप्प व्हायचा, निवला की परत गायचा. नात डिकीच्या कडेवर बसून पोट धरून हसली. "आजी, तू त्याला दुलई घातलीस! मे महिन्यात!"

"तुला पण लहानपणी घातलीय. तू काही बंद पडली नाहीस."

ह्यांना फक्त 'सापडलं' एवढंच सांगितलं. काय सापडलं, ते सांगायची गरज नव्हती. कव्हर घरी ठेवलं, हे सदरा घालून निघाले. रेल्वेवरच्या पुलावरून उतरताना गाडी एका खड्ड्यात आपटली, आणि आवाज गेला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. "वळव."

पण पुढच्याच गतिरोधकावर आवाज परत आला, आणि मला हर्ष झाला. खरंच सांगते. कारण हा वेगळा बिघाड होता. लाल दिवा नाही, ताप नाही, नुसता धक्का. एका वस्तूत दोन दुखणी असू शकतात, हे बावीसच्या पोरीला कधी पटलं नसतं. एक सापडलं की ती चहा प्यायला जायची.

दुसऱ्या दिवशी वीज मोजायचा मीटर घेऊन डिकीत वाकले. नात चाकाशी उभी राहून गाडी हलवत होती. आवाज गेला त्या क्षणी बाहेरच्या तारांवर वीज पुरी येत होती, अर्थिंगची तारही घट्ट. म्हणजे जे काही होतं ते आत. झाकणाचे स्क्रू काढले आणि आइस्क्रीमच्या लाकडी काडीने बोर्डावर हळूहळू टिचक्या मारत गेले. लाकडी अशासाठी, की चालू बोर्डाला लोखंड लावणं म्हणजे बोर्डाचा जीव घेणं. इकडे काही नाही, तिकडे काही नाही, आणि जिथे वीज आत शिरते त्या खुंटीजवळ काडी लागताच स्पीकर खर्र करून खोकला.

नातीला फ्यूज काढायला लावला, ॲम्प्लिफायर सोडवून घरी जेवणाच्या टेबलावर आणला. भिंगातून बघितलं तर खुंटीभोवतीच्या सोल्डरला, म्हणजे तिला बोर्डाशी धरून ठेवणाऱ्या कथलाच्या जोडाला, केसाएवढी गोल चीर. धक्का बसला की खुंटी आत डुलायची. बोर्ड बिर्ड काही गेला नव्हता. गोडदेवच्या माणसाला हे सांगायला मी खास जाणार आहे.

सोल्डर करायला उजेड लागतो. टेबल लॅम्प मी आधीच सोफ्याच्या मागे सरकवून ठेवला होता.

"अहो, जरा बॅटरी धरता का? माझे हात थरथरतात."

हे काठी टेकत, लंगडत आले. "बसून धरतो."

"बसून सावली पडते. उभे राहा. वर धरा. नाही, टेबलाच्या पलीकडून. आता अलीकडून."

जुनं सोल्डर काढायला एक मिनिट लागलं, नवं भरायला अर्धं. चकचकीत, गोल, डोंगरासारखं बसलं. ती पोरगी असती तर चार जणींना बोलावून दाखवलं असतं. मी मात्र भिंग लावून आणखी वीस मिनिटं काहीच न बिघडलेल्या जागा तपासत राहिले. हे टेबलाभोवती फिरत, या पायावरून त्या पायावर भार टाकत, वाकून बघत होते. "इथे काळं दिसतंय बघ." "बघू, जरा खाली वाका." वाकले. ओरडले नाहीत, कारण लक्ष काळ्या डागाकडे होतं.

ॲम्प्लिफायर आता वाजतो, खड्ड्यातही, उन्हातही, उघड्या अंगाने. बैठका चुकत नाहीत. गेल्या आठवड्यात व्यायामाच्या बाईंनी पाय मोजला आणि खूश होऊन विचारलं, "काका, घरी काय व्यायाम करता?"

"व्यायाम कसला? हिची हमाली करतो. रोज काहीतरी उघडून बसते."

ते खरं आहे. इस्त्री झाली, दाराची घंटा झाली, नातीचा हेअर ड्रायर झाला. काल मात्र घरात बिघडलेलं काही उरलंच नाही. मी मिक्सर उलटा केला, चांगला घट्ट बसलेला एक स्क्रू दोन आटे सैल केला आणि हाक मारली, "अहो, जरा येता का?"

हे आले. काठी खोलीतच राहिली होती. ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मी म्हटलं, "जरा वर धरा. अजून वर."