सकाळी साडेआठचा चंद्र

चंद्रावर माणूस उतरला तेव्हा आम्ही रात्रभर गच्चीवर जागत होतो, असं कोणी सांगू लागलं की मला शिसारी येते. आमच्या ग्वाल्हेरात असं सांगणारे ढिगाने आहेत. शहरातल्या लश्कर भागातल्या कुठल्याही मराठी लग्नात जेवणं आटोपली की एखादा सत्तरीचा गृहस्थ सुरू करतो: वर पुनवेचा चंद्र, खाली टीव्ही, आणि टीव्हीवर तो माणूस शिडी उतरतोय. बाकीचे माना डोलावतात. दहा मिनिटांत त्यांच्याही घरी तेव्हा टीव्ही होता असं निघतं.

टीव्ही नव्हता. आमच्या माहितीत एकाकडेही नव्हता. पुनवही नव्हती. आषाढातली षष्ठी-सप्तमी होती, चंद्र अर्धाही भरला नव्हता, त्यातून ढग. आणि मुख्य म्हणजे रात्र नव्हती. यान उतरलं ते आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतर, हे खरं, पण तेव्हा सगळे घोरत पडले होते. पहिलं पाऊल पडलं तेव्हा सोमवारची सकाळ होती, साडेआठला तीन-चार मिनिटं कमी. आकाशात चंद्र नव्हताच, तो दुपारी उगवणार होता. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता नातेवाईक मला पाहून विषय बदलतात. त्यांना वाटतं, बाई कॉलेजात फिजिक्स शिकवायची, म्हणून कीस काढते. फिजिक्सचा इथे काही संबंध नाही. ती सकाळ होती, आणि ती माझ्या वडिलांना फार महागात पडली.

बाबा दरबारच्या एका खात्यात कारकून होते. संस्थान मध्य भारतात विलीन व्हायच्या थोडं आधी त्यांचे हेडक्लार्क वारले आणि खात्याच्या साहेबांनी बाबांना त्या जागेवर बसवलं. हुकूम साहेबांच्या हातचा होता. मग विलीनीकरण झालं, अर्धं खातं इंदूरला गेलं. छप्पन साली मध्य प्रदेश झाला आणि उरलेलं भोपाळला गेलं. कपाटं ट्रकवर चढवली, कागदांचे बस्ते ताडपत्रीखाली भिजले, आणि त्या हलवाहलवीत कुठेतरी तो हुकूम गहाळ झाला. नव्या राज्याने त्यात सामील झालेल्या चारही भागांतले कर्मचारी एकत्र करून एक ज्येष्ठता यादी काढली. तिच्यात बाबा साधे कारकून होते, पार तळाशी. ज्या पोरांना त्यांनी टिपण लिहायला शिकवलं होतं, ती वर.

बाबा वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. अखेर उत्तर आलं की कागद सापडत नसेल तर ज्या अधिकाऱ्याने हुकूम दिला त्याने समक्ष येऊन तसं सांगावं. सुनावणी घ्यायला भोपाळहून एक अधिकारी येणार होता, एकाच दिवसासाठी. सोमवार, सकाळी साडेदहा.

साहेब तेव्हा निवृत्त होऊन बाड्याच्या चौकामागच्या गल्लीत राहत होते. बाबा दोनदा जाऊन त्यांना सांगून आले. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "अरे, तुझ्यासाठी मी येणार नाही तर कोण येणार?" बाबा घरी येऊन ते वाक्य आम्हाला त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत. बाबांचा साहेबांवर विश्वास होता, असं म्हणणं कमी पडेल. दरबार जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती, तरी साहेबांपुढे बाबांच्या पाठीचा कणा आपोआप वाकायचा. मला त्याचीही किळस यायची, पण तेव्हा मी ती गिळत असे.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. सोमवारी सकाळी बाबांनी मला बजावलं, "साहेबांना टांग्यातून घेऊन ये. आत्ताच जा, त्यांना तयार व्हायला वेळ लागतो. मी तिकडे पुढे होतो, नाव पुकारलं आणि मी नसलो तर पंचाईत." त्यांनी कोट घातला होता. जुलैच्या उकाड्यात, काळा कोट.

मी साहेबांच्या दारात पोहोचले तर बाहेर चपलांचा ढीग. आत वीस-एक माणसं, मधोमध मोठा रेडिओ, त्यावर बाईसाहेबांनी विणलेला रुमाल. कुठल्याशा परदेशी केंद्रावरून इंग्रजीत धावतं वर्णन चाललं होतं आणि खरखर इतकी होती की कढईत काहीतरी तळतंय असं वाटावं. साहेब आरामखुर्चीत बसले होते, पायाशी पीकदाणी, हाताशी कचोरी-जिलबीची ताटली.

मी म्हटलं, "साहेब, बाबांनी पाठवलंय. साडेदहाला..."

"ध्यानात आहे बेटा, ध्यानात आहे. अभी तर साडेआठही नाही वाजले. बस. तुला इंग्रजी समजतं ना? सांग बरं हे काय बोलतात."

साहेबांचं इंग्रजी हुकूम-अहवालांचं होतं. त्या नाकातून येणाऱ्या अमेरिकन बोलण्यापुढे ते पार आडवं झालं होतं. सगळ्यांनी मला वाट करून दिली, रेडिओजवळ स्टूल दिलं. दरबारी घराण्यातले, मिशांना पीळ देणारे लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या तोंडाकडे असं बघत होतं.

खरं सांगायचं तर मला चारातला एक शब्द कळत होता. ते पहिलं पाऊल आणि ते प्रसिद्ध वाक्य त्या खोलीत कोणालाही कळलं नाही. मलाही नाही. आज त्या खोलीतले जे जिवंत आहेत ते सगळे ते वाक्य स्पष्ट ऐकल्याचं सांगतात. माझं भाषांतर म्हणजे अर्धं वर्तमानपत्रातलं, अर्धं मनातलं. कोणीतरी विचारलं, "आता काय करतोय तो?" मला काही कळलं नव्हतं, पण गप्प बसायची लाज वाटली. मी म्हटलं, "वाकलाय. पृथ्वीकडे बघून नमस्कार करतोय." एक म्हातारे गृहस्थ रडायला लागले. बाईसाहेबांनी रेडिओला हळद-कुंकू लावलं. मला थांबायला हवं होतं. मी आणखी दोन गोष्टी रचून सांगितल्या.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर होतं आणि दहाचे ठोके मी ऐकले. मी साहेबांकडे पाहिलंसुद्धा. त्यांच्या बोटांवर पाक होता आणि ते तो एकेक बोट तोंडात घालून चोखत होते. ते म्हणाले, "ते लोक अजून बाहेर फिरताहेत. ते आत जाईपर्यंत आपण कसं उठायचं?" सगळे हसले. मीही हसले. मी उठून उभी राहिले असते, त्यांच्या हाताला धरलं असतं, निदान बाबांचं नाव पुन्हा एकदा घेतलं असतं, तर साहेब उठले असते की नाही कोण जाणे. मी स्टूल सोडलं नाही. बाबांचा निरोप मी आल्या आल्या एकदा दिला, तो अर्धाच. पुन्हा तोंड उघडलं ते चंद्रासाठी.

ते दोघे यानात परतले तेव्हा पावणेअकरा होत आले होते. मग साहेब स्नानाला गेले. मग शेरवानी, मग पान. आम्ही टांग्यातून कचेरीत पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बाबा व्हरांड्यातल्या बाकावर कोट घालून बसले होते. अधिकाऱ्याने तीनदा पुकारा करवला, साक्षीदार गैरहजर असं लिहिलं आणि तो पुढचं गाव गाठायला निघून गेला. चपराश्याने हे सांगितलं. बाबा उठले आणि त्यांनी साहेबांना हात जोडले.

"साहेबांना उगाच तकलीफ झाली," बाबा म्हणाले.

"अरे, असा दिवस परत येतो का?" साहेब म्हणाले. "आणि तुझं काय, मी लिहून देईन की."

त्यांनी कधीही लिहून दिलं नाही. दिलं असतं तरी कोणी वाचलं नसतं. समक्ष येऊन सांगा, असा हुकूम होता. घरी येताना बाबांनी मला विचारलं, "तू त्यांना सांगितलंस ना?" मी म्हटलं, "तीनदा सांगितलं." त्यांनी मान हलवली. संध्याकाळी साहेबांकडून गडी जिलबीचा पुडा घेऊन आला, पाकाने कागद पारदर्शक झालेला. बाबांनी त्यातली एक खाल्ली आणि उरलेल्या शेजारी वाटून टाकल्या, साहेबांकडच्या आहेत असं सांगून. बाबा निवृत्त झाले ते कारकून म्हणूनच. त्यांचा शेवटचा हेडक्लार्क त्यांच्याहून बराच लहान होता आणि त्यांना बसल्या जागेवरून हाक मारायचा.

त्यानंतर हळूहळू ती सकाळ रात्रीकडे सरकायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी साहेब म्हणू लागले की फार पहाटेची गोष्ट आहे. पाच-सात वर्षांनी ती मध्यरात्र झाली. शहरात टीव्ही आल्यावर रेडिओ गेला आणि त्याच्या जागी टीव्ही आला. साहेब वारले तेव्हा शोकसभेत त्यांचा मुलगा म्हणाला की दादासाहेबांनी त्या रात्री अख्ख्या मोहल्ल्याला टीव्हीवर चंद्र दाखवला, आणि त्या अंतराळवीराने आधी धरतीमातेला वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत.

मी उभी राहून म्हटलं, "सकाळ होती. साडेआठ."

"ताई, इतनी पुरानी बात," तो हसून म्हणाला. "दिवस काय नि रात्र काय, काय फरक पडतो?"

फरक असा पडतो की रात्र असेल तर साहेब सकाळी मोकळे होते, आणि त्यांनी कोणाचं काही चुकवलं नाही. बाकीचं जग चंद्र म्हटला की रात्र समजतं आणि भोळेपणाने चुकतं. या लोकांचं तसं नव्हतं. दरबार गेला, मान गेला, हुकूम काढायचा अधिकार गेला. उरलं ते एवढंच, की अमुक घडलं तेव्हा आम्ही तिथे होतो. ते सांगताना ज्याला बाकावर बसवून ठेवलं तो माणूस अडचणीचा होतो, म्हणून दिवसच मावळवून टाकला. पण त्या सभेतला तो नमस्कार माझा होता, मी रचलेला होता, आणि हे मात्र मी उभं राहून सांगितलं नाही.

बाबांचं शेवटचं वर्ष माझ्याकडे गेलं, सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये. एकदा माझ्या मुलाला शाळेत काम मिळालं, घरातल्या वडीलधाऱ्यांना चंद्राच्या आठवणी विचारून लिहायचं. तो वही घेऊन बाबांजवळ बसला. मी शेजारी भाजी निवडत होते.

"आजोबा, आपको याद है?"

"का नाही? रात्रीची गोष्ट. आम्ही सगळे साहेबांकडे जमलो होतो. तुझी आई स्टुलावर बसून इंग्रजीचं मराठी करत होती. इतके मोठे लोक, आणि तिच्याकडे बघत होते. मी मागे दाराशी उभा होतो."

त्या खोलीत बाबा नव्हते. मी काय सांगत होते ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, त्या वेळी ते एकटे व्हरांड्यात बसले होते.

"आणि सुनावणी, बाबा?" मी विचारलं. मला ते विचारायला नको होतं.

"ती दुसऱ्या दिवशी. साहेब येणार होते, पण रात्रभर जागरण झालेलं, डोळा लागला असेल. माणूसच ना." मग ते माझ्याकडे वळले. "आणि तू तरी त्यांना कशी उठवणार? तुलाही मीच झोपू दिलं. म्हटलं, पोरगी थकली आहे."

मुलाने पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं. सकाळ, साडेआठ, हे त्याने माझ्या तोंडून जन्मापासून ऐकलं होतं, आणि मी आता तुटून पडेन म्हणून तो वाट बघत होता.

"मम्मी, रात थी?"

"हो," मी म्हटलं. "लिही. रात्र होती."