साडूंची डबल बेल

आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांना निवांत बसलेलं पाहिलंय असं शपथेवर सांगणारा माणूस केजपासून बीडपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. सारी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून उभ्यानं काढली, आणि निवृत्त झाल्याची खबर त्यांच्या पायांपर्यंत अजून पोचलेली नाही. लग्नाच्या पंगतीत माणसानं पानावर बसावं, तर हे दोन ओळींच्या मधून 'कोण ऱ्हायलंय का? जरा माघं सरका, जागा हाय' करत फिरतात, आणि वाढपी त्यांनाच मुलीचा बाप समजून आणखी भात आणू का म्हणून विचारतात. कीर्तनात हे मंडपाच्या दाराशी उभे. घरी चहासुद्धा चौकटीला टेकून घेतात, एक हात वर, तिथं नसलेली बसची दांडी धरल्यासारखा. आणि कुठलीही गाडी थांबली, माणसं नीट टेकली, की त्यांच्या बोटांना राहवत नाही. मिळेल त्या लोखंडावर दोन टिचक्या, टण टण. म्हणजे डबल बेल, गाडी सोडा. एकदा नेकनूरला रिक्षावाला पान घ्यायला उतरला होता, तर यांनी मोकळ्या रिक्षालाही डबल बेल दिली. 'अहो, ड्रायव्हरच नाही,' मी म्हणालो. 'येतंय की ते. गाडी हुबी ऱ्हायली की पाशिंजर कावतंय, साडूभाऊ.' पाशिंजर म्हणजे मी एकटाच होतो आणि मी मुळीच कावलो नव्हतो.

त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, अगदी उलट. एका जागी बसली की बसली. तिचं माहेर नेकनूर, सासर केज, आणि येणं-जाणं बहुतेक नवऱ्याच्याच गाडीतून. ती खिडकीशी बसायची आणि हे तिच्या शेजारी दुसऱ्याच कुणाला तरी बसवून पुढं सरकायचे. वर तिलाही 'कुठं जायचं?' असं विचारून तिकीट द्यायचे. अक्कानं कधी तक्रार केली नाही, पण विसरलीही नाही. तिला नाद एकच, दुपारी टीव्हीवर जंगलातले प्राणी बघायचा. वाघाचं तिला काही कौतुक नाही. 'मिरवणुकीतला न्हाई, मला त्याच्या घरचा हत्ती बगायचाय,' असं ती कितीतरी वर्षं म्हणत होती. यंदा आम्ही दोन्ही जोडप्यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या एका राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरवलं, तेव्हा तिनं अट घातली. 'जंगलात तरी माज्या शेजारी बसायचं. उटायचं न्हाई.' साडू 'बरं बरं' म्हणाले, अर्थातच उभ्यानं.

परळीला रेल्वेत चढल्यापासून उतरेपर्यंत त्यांनी जो प्रवास केला तो बराचसा पायी केला. डब्याच्या या दारापासून त्या दारापर्यंत कोण कुठं उतरणार हे त्यांना पाठ झालं होतं. जंगलातली उघडी जीप समोर आली तेव्हा त्यांनी आधी तिची आडवी दांडी वाजवून बघितली आणि ड्रायव्हरला आपल्या हिंदीत शिकवणी दिली. 'एक मारा तो रुकने का, दो मारा तो निकलने का. क्या?' ड्रायव्हर हसून म्हणाला, 'ठीक है, अंकल.' इथंच पुढच्या घोटाळ्याचं बी पेरलं गेलं. संध्याकाळच्या फेरीत साल नावाच्या उंच झाडांमधून जाताना ड्रायव्हरनं एकदम गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि उंच गवताकडे बोट केलं. गवत हलत होतं. अक्का पिशवीतून चष्म्याची डबी काढत होती. सगळे श्वास रोखून बसलेले, साडू मात्र दांडी धरून उभे. गाडी थांबलेली, माणसं बसलेली. त्यांचा हात गेलाच. टण टण. अंकल घाबरले असं समजून ड्रायव्हरनं झपकन गाडी काढली, आणि मी मागं वळून बघतो तर धुरळ्यातून एकामागून एक हत्ती रस्त्यावर उतरत होते. उद्यानाचं फाटक बंद व्हायची वेळ झालेली, माघारी फिरणं शक्य नव्हतं. अक्कानं चष्मा लावला तेव्हा नुसता धुरळा उरला होता. ती शांतपणे म्हणाली, 'जल्मभर तुमच्या गाडीचा धुरळाच बगत आले मी.'

आता उरली होती दुसऱ्या दिवशी सकाळची एकच फेरी, मग परतीचा रस्ता. मला साडूंचा भयंकर राग आला होता. पण मुक्कामाच्या आवारात ते एकटेच येरझारा घालताना दिसले आणि राग टिकेना. 'हात आपोआप जातो बगा,' ते म्हणाले. 'तिनं एकच गोष्ट मागितलती.'

सकाळी ते अक्काच्या शेजारी बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. गुडघे इतके हलत होते की अख्खं बाक थरथरत होतं. चितळं दिसली, माकडं दिसली, मोर दिसले. मोर तर आमच्या जिल्ह्यात नायगावलाही आहेत. हत्तीचा पत्ता नाही. अक्का चष्मा लावूनच बसली होती. ऊन वर आलं, ड्रायव्हर घड्याळाकडे बघायला लागला, आणि कोरड्या नदीपात्राशी अचानक हत्तींचा कळप समोरून आडवा निघाला. इतकी मोठी जनावरं, आणि पायांचा आवाज नाही. अक्का चष्मा सावरत पुढं वाकली. कळप पलीकडच्या गवतात शिरला, ड्रायव्हरनं किल्लीला हात घातला, तेवढ्यात साडूंनी मांडीखालचा एक हात काढला आणि दांडीवर हलकेच एकच टिचकी दिली.

'थांबा. एक माघं ऱ्हायलंय.'

अलीकडचं गवत हललं आणि कानांची फडफड करत, पाय पायात अडकवत एक पिल्लू पळत आलं. अक्का पोरीसारखी हसली. 'आवो, पळतंय बगा कसं,' म्हणाली आणि तिनं साडूंचा तो मोकळा हात धरला. पिल्लू आईच्या पोटाखाली शिरलं. मग सगळंच दिसेनासं झालं.

ड्रायव्हर आरशातून बघत डबल बेलची वाट पाहत होता. साडू हलले नाहीत. गुडघेही थांबले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच निवांत बसलेलं पाहत होतो, आणि बसल्यावर ते किती थकलेले दिसतात हे मला माहीतच नव्हतं. शेवटी अक्कानं त्यांचा हात न सोडता दुसरा हात लांब केला आणि दांडीवर दोन टिचक्या दिल्या. गाडी निघाली, तरी साडू बसूनच होते.