भित्र्या साडभाऊंची घरखरेदी

भिण्याचं काम सरकारनं पगारी केलं असतं, तर आमचे साडभाऊ त्या खात्याचे सर्वांत वरचे अधिकारी झाले असते आणि निवृत्तीनंतरही खात्यानं त्यांना घरी जाऊ दिलं नसतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपुरात आयुष्य गेलं, पण मे महिन्यात आमच्याकडे आले की कूलरपासून दोन हात दूर, घामानं निथळत बसायचे. "पाणी अन् करंट एकाच डब्यात! अन् तुमी लोक त्याच्यासमोर झोपता? कमाल आहे बाप्पा!" असं म्हणून ते आमच्याकडे अशा नजरेनं पाहत, जणू आमची ही शेवटचीच भेट. सायकल होती, पण उतार लागला की खाली उतरून ती हातात धरून चालायचे, कारण उतारावर सायकल आपलं ऐकत नाही असं त्यांचं मत होतं. संत्र्याची प्रत्येक फोड उजेडाकडे धरून आत किडा नाही ना हे पाहून खायचे, त्यामुळे त्यांचं एक संत्रं संपेपर्यंत आमची टोपली रिकामी व्हायची. माझ्या लग्नात तर मांडवाचा एकेक खांब हलवून पाहत फिरत होते. एक खांब पडला. तो त्यांच्या हलवण्यानंच पडला असं माझे सासरे शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि बरं झालं आधीच पडला असं साडभाऊ म्हणत राहिले.

पण घर या विषयावरची त्यांची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, कारण तिला नोकरीचा आधार होता. ते दिवाणी कोर्टात नक्कलनवीस होते. म्हणजे वीस वर्षं रोज सकाळी अकरापासून लोकांच्या घरांच्या भांडणांचे निकाल हातानं उतरून काढायचे. भाऊ भावाच्या भिंतीवर चढलेला, विकणाऱ्यानं एकच घर दोघांना विकलेलं, खरेदीनंतर कुठूनशी तिसरीच वारसदार उगवलेली. आम्ही रस्त्यानं चाललो की एखादं सुंदर घर, दारात रांगोळी, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या, मला छान वाटायचं. साडभाऊ आवाज खाली आणून म्हणायचे, "अपील चालू आहे याचं." कोर्टानं त्यांना आणखी एक शिकवलं होतं. कोणतीही गोष्ट एकानं सांगितली तर ती अफवा, दोघांनी सांगितली तर संशय आणि तिघांनी स्वतंत्रपणे सांगितली तर पुरावा. भाजी घेतानासुद्धा तीन साक्षीदार तपासायचे.

या सगळ्यात ताईंचं, म्हणजे साडभाऊंच्या बायकोचं, काय होत होतं, ते आम्ही पाहत होतो. मीही त्यांना ताईच म्हणायचो. सतरा वर्षांच्या संसारात आठ भाड्याची घरं झाली होती. महाल भागातल्या आठव्या घराच्या मालकानं मुलाचं लग्न काढलं आणि दिवाळीपर्यंत खोल्या मोकळ्या करा म्हणून सांगितलं, त्या दिवशी ताई आमच्याकडे आल्या, माझ्या बायकोजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी सामान बांधणार नाही वं. माझ्यानं होतच नाही. त्याईले भ्या वाटते तर मले काय वाटत नसन?" रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याच आठवड्यात साडभाऊंना घेऊन घरं पाहायला निघालो.

बेसा म्हणजे तेव्हा नुसती शेतं. तिथं प्लॉट पाहायला नेलं तर ते बांधावर उभे राहून म्हणाले, "इथं हाक मारली तर ओ देणार कोण?" वाडीला गेलो तर गोदामं आणि ट्रक पाहून त्यांनी रस्ताच ओलांडला नाही. इतवारीत घर इतकं आत होतं की आग लागली तर बंब कसा येईल हा प्रश्न त्यांनी घरमालकाला त्याच्याच ओसरीवर बसून, त्याचाच चहा पीत विचारला. शेवटी सक्करदऱ्याच्या बाजूला, ना धड जुन्या शहरात ना धड बाहेर, अशा एका गल्लीत घर निघालं. एका निवृत्त नर्सबाईंचं. सारी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणायची. एकट्या राहत, गुडघे गेले होते, घर विकून अमरावतीला मुलीकडे जायचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे विहीर आणि पेरूचं झाड. ताई स्वयंपाकघरात गेल्या, पूर्वेची खिडकी उघडली आणि पदरानं खिडकीचे गज पुसायला लागल्या. दुसऱ्याच्या घराचे गज कोणी पुसत नाही. सिस्टरबाईंनीही ते पाहिलं आणि मला म्हणाल्या, "देईन तर यांनाच."

साडभाऊंनी विचार करायला पंधरा दिवस मागून घेतले आणि रोज कोर्ट सुटलं की त्या गल्लीत जाऊन बसायला लागले. दोन-चारदा मीही गेलो. खरं सांगायचं तर शहराला चिकटलेल्या अशा वस्तीत जे सुख असतं ते सगळं तिथं होतं. डॉक्टर कोपऱ्यावर, शाळा हाकेच्या अंतरावर, बुधवारचा बाजार पिशवी हलवत जावं इतका जवळ, चक्की, शिंपी, दूधवाला, सगळं दाराशी. पण साडभाऊंसमोर प्रत्येक सुखाला शेपूट फुटायचं. डॉक्टर जवळ आहे म्हणजे इथं आजारी जास्त असतील. बाजार जवळ आहे म्हणजे चोरांना वाट ठाऊक. शाळा जवळ म्हणजे खिडक्यांच्या काचांचं काही खरं नाही. आणि शेजारी फारच चांगले दिसताहेत, हे तर सर्वांत वाईट, कारण वीस वर्षांत त्यांनी उतरून काढलेल्या प्रत्येक दाव्यात दोन्हीकडचे लोक सुरुवातीला चांगलेच होते. हे ऐकून ऐकून मीसुद्धा विहिरीच्या काठाकडे संशयानं पाहायला लागलो. रोज उघडबंद करतो ती स्वतःच्या दाराची कडी मी त्या दिवसांत दोन-दोनदा तपासत होतो. भीती माणसाच्या अंगाला हळदीसारखी लागते, धुतली तरी दोन दिवस राहते.

आणि मग एक दिवस साडभाऊ भर दुपारी कोर्टातून अर्धी रजा टाकून आमच्याकडे आले. चेहरा पांढरा, दारातूनच बोलायला लागले. "घर गेलं, बाप्पा. मोठा रोड येऊन राहिला त्या गल्लीतून. चक्कीवाला म्हणते रोड पक्का. शिंपी म्हणते साठ फुटी. अन् दूधवाला म्हणते, सिस्टरबाईचं किचन पुरं त्याच्यात जाते. तीन माणसं, तिघांचे तीन जबाब! आता काय राहिलं?" काहीच राहिलं नाही. त्यांनी सिस्टरबाईंना नकाराचा निरोप पाठवला. ताईंना कळलं तेव्हा त्या 'बरं' म्हणाल्या आणि माळ्यावरची रिकामी खोकी खाली काढायला लागल्या. माझी बायको त्या दिवशी माझ्याशीसुद्धा बोलली नाही, जणू रोड मीच आणला होता.

मला राहवेना. मी मास्तर. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या गल्लीत गेलो. गल्ली ओळखू येत नव्हती. एकानं अर्धवट गिलावा सोडून गवंडी परत पाठवला होता. सिस्टरबाईंचं घर पाहायला आलेली आणखी दोन कुटुंबं कोपऱ्यावरूनच माघारी गेली होती. मी दूधवाल्याला विचारलं, त्यानं शिंप्याचं नाव घेतलं. शिंप्यानं चक्कीवाल्याचं. चक्कीवाला म्हणाला, पानठेल्यावर ऐकलं. पानवाल्यानं चुना लावता लावता सांगितलं, "तो नाही का, सायकल हातात धरून येते, भेदरलेला मानूस. त्यानंच विचारलं मले, इथून मोठा रोड जानार हाये म्हणते, खरं काय? कोर्टातला मानूस हाये गा तो. कोर्टातला मानूस उगंच काहून बोलन?"

मला आधी इतकं हसू आलं की नुकतं घेतलेलं पान हातातून पडलं. कोणी काही म्हणालंच नव्हतं. वकील उलटतपासणीत टाकतात तसा हा प्रश्न साडभाऊंनी आपल्या मनचा टाकून पाहिला होता, आणि तोच गल्लीभर फिरून, साठ फुटांचा होऊन, तीन साक्षीदारांसह त्यांच्यासमोर उभा राहिला होता. पण परत येताना सिस्टरबाई ओट्यावर दिसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रिकाम्या गल्लीकडे पाहत होत्या. माझं हसू तिथंच संपलं.

साडभाऊंना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. "म्हणजे मीच?" एवढंच म्हणाले. त्यांना शरमेपेक्षाही भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. गल्लीतले लोक मारतील, सिस्टरबाई केस करतील, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर निकालाच्या भाषेत लिहिलेलं असणार. तरी दुसऱ्या दिवशी ते गेले. मी सोबत होतो. पानठेला, चक्की, शिंपी, दूधवाला, चौघांपुढे जाऊन त्यांनी सांगितलं की रोडची गोष्ट आपल्याच डोक्यातून निघाली. चक्कीवाला हसला, शिंप्यानं मात्र त्यांना असं काही ऐकवलं की मी इथं लिहू शकत नाही. मग ते सिस्टरबाईंच्या ओट्यापाशी गेले. पायरीवर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बरं, आता मले सांगा. रोड येणारच नाही, हे तुमाले नक्की माहीत आहे?"

मी म्हणणार होतो, हो म्हणा. पण साडभाऊंनी आयुष्यात कुठल्याच गोष्टीला नक्की म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "नाही बाई. मले नक्की काहीच माहीत नाही. विहिरीचं नाही, शेजारचं नाही, रोडचं नाही. पण तुमचं घर मी घेतो."

दिवाळीच्या आधी ताई त्या घरात गेल्या. साडभाऊंची भीती कमी झाली असं म्हणणं खोटं होईल, फक्त ती आता एका पत्त्यावर राहायला लागली. पावसाळ्यात विहिरीवर पत्रा, उन्हाळ्यात पेरूला काठीचा टेकू, आणि वर्षातून एकदा शहराच्या आराखड्याच्या कचेरीत जाऊन रोडची चौकशी. अजून तरी रोड आलेला नाही.

हे सगळं मी आतापर्यंत अनेक मैफलींत रंगवून सांगितलं आणि भरपूर हशा मिळवला. मला कशाची भीती नव्हती. घराची कसली घाई, मालक चांगला आहे, असं म्हणत मी अठ्ठावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. गेल्या महिन्यात तो चांगला मालक वारला आणि त्याच्या मुलांनी खोल्या मोकळ्या करून मागितल्या. चोपन्नाव्या वर्षी मी घरं पाहतो आहे. एक पसंत पडलं, पण करार करायच्या दिवशी सकाळी मी खाटेवरून उठलोच नाही. विकणारा खरा असेल का, माझं पुढं काही झालं तर हिचं काय, भिंत ओल धरते का, एकामागून एक सगळं येत गेलं. हे सगळं साडभाऊ आयुष्यभर एकट्यानं सोसत आले आणि आपण त्यावर टाळ्या घेतल्या, हे त्या वेळी कळलं आणि फार वाईट वाटलं.

बायकोनं त्यांना निरोप धाडला असावा. ते आले, सायकल भिंतीला टेकवली, टेकलेली आहे ना हे दोनदा पाहिलं आणि माझ्याजवळ खाटेवर बसले. मला वाटलं, आता धीर देतील, काही होत नाही म्हणतील.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "भेवासारखंच आहे घर घेणं. भिऊन घ्या, पण चला. मी येतो संगं."

मी उठून चपला शोधायला लागलो.