अक्कांनी थांबवलेला अंक

आदरणीय सुपडूआबा वराडे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या ओट्यावर, कानबाईच्या रविवारी. धरणगावजवळ आमचे गाव. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई, आम्हा खानदेशी लोकांची देवी, बसते. आबा जळगावहून एस. टी.ने आले होते. खांद्याला शबनम पिशवी, हातात वही. आपल्या मासिकासाठी खानदेशातल्या सणांवर लिहायचे आहे, असे त्यांनी आमच्या यजमानांना सांगितले. मी तेव्हा धाकटी सून. दाराआडून ऐकत होते.

आबांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात विद्वान मंडळी लिहिणार आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. तरी समितीने मला लिहायला सांगितले, कारण पुढे जे घडले ते आमच्या घरात घडले आणि त्यात माझाही दोष होता.

आबा त्या दिवशी आमच्याकडे जेवले. मी त्यांना पुरणपोळी वाढली, खीर वाढली. दुसऱ्या दिवशी कानबाई नदीवर विसर्जनाला निघाली तेव्हा आमच्या मोठ्या चुलतसासूबाई, सोनाक्का, वाटेत सगळ्यांच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवत होत्या. आबांनी तेही पाहिले, वहीत लिहिले आणि गेले.

पंधरवड्याने आबा परत आले. या वेळी त्यांच्याजवळ नव्या अंकाचा गठ्ठा होता. शाईचा वास अजून गेला नव्हता. ज्यांच्यावर लिहिले त्यांना छापलेला अंक नेऊन वाचून दाखवायचा, अशी त्यांची पद्धत होती. बाया जमल्या. अक्का खांबाला टेकून बसल्या. आबांनी फार छान वाचले. अक्का जात्यावर कसे गातात ते ऐकताना बाया एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मग एक वाक्य आले: “रोटांचा प्रसाद आल्यागेल्या सर्वांना वाटतात. मलाही पानभर मिळाला.”

अक्कांनी हात वर केला. “थांबा भाऊ. हाई कोनी सांगं तुमले?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोट म्हणजे कानबाईचा खास नैवेद्य. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, घरीच दळतात, आणि त्या पिठाचे जे होईल ते फक्त कुळातल्यांनी खायचे असते. परक्याच्या तोंडी घास जात नाही. खरकटेसुद्धा बाहेर टाकत नाहीत. परक्याला रोट दिले तर कुळाचे व्रत मोडते.

“आम्ही परका मानोसले रोट देतस नही,” अक्का म्हणाल्या. “हाई वाचीसन पुढला साल लोके मना दारमा उभा ऱ्हातीन. रोट दिधं तं व्रत मोडस. नही दिधं तं दारना मानूस उपाशी जास. मी काय करू, सांगा!”

आबांचा चेहरा उतरला. “मग अक्का, मी जेवलो ते काय होतं?”

आता मला पुढे येणे भाग होते. मी म्हटले, “ते पाहुण्यांचं पीठ होतं. वेगळ्या चुलीवर केलं होतं.” पाहुण्याला ‘हे रोट नव्हेत’ असे तोंडावर सांगायला मला संकोच वाटला होता. अक्का माझ्याकडे वळल्या, “मंग तव्हळच का नही सांगं व तू?” पण पुढचे काही येण्याआधीच आबा बोलले, “सूनबाईंना बोलू नका. ताटात काय पडलं ते विचारायचं काम माझं होतं. मी न विचारता लिहिलं.”

सगळ्या ओट्यासमोर परक्या माणसाने माझी बाजू घेतली. मला त्या दिवशी किती हायसे वाटले ते आजही लिहिता येत नाही.

अक्का मात्र नरमल्या नाहीत. आबांचे नाव सुपडू. मूल जगावे म्हणून सुपात घालून घेतात, त्यावरून ठेवलेले. अक्का म्हणाल्या, “मायनी तुमले सुपमा घालं, तरी खडा ऱ्हाईच गया का भाऊ?” बाया हसल्या, आबाही हसले. मग अक्का हसू पुसून म्हणाल्या, “हाई कागद गावना भाईर गया, तं मना दारमा पाय ठेवू नका.” अक्कांचे दार बंद म्हणजे साऱ्या गावाचे दार बंद. ते आबांना ठाऊक होते.

बाकीचे अंक जळगावला छापखान्यात, टपालात पडायच्या तयारीत होते. दुसऱ्या दिवशी आबा सगळे गठ्ठे घेऊन आमच्या ओट्यावर हजर. छापखान्याचे मालक कुरकुरत बरोबर आले होते. “आबा, लांबचा वाचक वाचून पान उलटेल. रोट काय नि पोळी काय, त्याला काय कळतंय?”

“त्याला कळत नाही म्हणूनच तो आपल्यावर विसंबतो,” आबा म्हणाले. “मुंबईचे लोक येतात, ऊन, केळी आणि भरीत लिहून जातात. आपण इथले. आपणही असंच लिहिलं तर आपल्या माणसांनी जायचं कोणाकडे?”

नवे पान छापणे शक्य नव्हते. मी भीत भीत सुचवले, छापखान्यात कागदाच्या कडा कापून टाकतात, त्यावर चार ओळी छापून चिकटवल्या तर? मालक कुरकुरत परत गेले, पण पट्ट्या छापून आणल्या. आबांचा मजकूर असा होता: “रोट कुळाबाहेर जात नाहीत. वर छापले ते चूक आहे. चूक संपादकाची. ती सोनाक्कांनी दाखवली.” मी साबुदाण्याची खळ शिजवली. दोन दिवस आम्ही बाया पट्ट्या चिकटवत होतो. अक्कांना अक्षरओळख नाही, पण प्रत्येक पट्टी त्यांनीच तळव्याने दाबली. मालकांना त्यांनी गठ्ठे मोजायलाही हात लावू दिला नाही. अंक उशिरा निघाला. वर्गणीदारांच्या तक्रारी आल्या, त्यांना आबांनी स्वतः उत्तरे लिहिली.

पुढच्या श्रावणात अक्कांनी आबांना निरोप धाडला. ते आले. मी ताट मांडले आणि या वेळी मोठ्याने म्हटले, “आबा, हे पाहुण्यांचं ताट आहे बरं का!” अक्का आतून ओरडल्या, “आते लिखा, भाऊ!”

त्यानंतर आबांनी पद्धत बदलली. लेख छापण्याआधी ज्याचा त्याला वाचून दाखवायचा. बायांना वाचून दाखवायला बाई हवी म्हणून त्यांनी मला विचारले. मी म्हटले, मला येणार नाही. आबा म्हणाले, “वहिनी, चूक झाली तेव्हा आपण दोघं होतो. आता दुरुस्तीलाही दोघं.” घरच्यांनी जाऊ दिले, म्हणून गेले. सोनगीरच्या एका तांबटाने एकाच शब्दासाठी आम्हाला तीनदा फेऱ्या घालायला लावल्या. आबांनी तीनदा घातल्या, आणि चौथ्यांदा त्याला पेढे घेऊन गेले. गेली दहा-अकरा वर्षे मी हे काम करते आहे. देवापुढे हात जोडताना मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट पुण्यच वाटते.

आबा आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. कानबाई आईपाशी मी त्यांच्यासाठी शांत झोप मागत नाही, ती त्यांना सोसायची नाही. लोकांच्या अंगणात मांडी घालून बसता यावे असे गुडघे मागते, बारीक अक्षर वाचता यावे असे डोळे मागते. आणि “आबा, हाई चुकनं,” असे तोंडावर सांगणारे माणूस त्यांना गावोगाव भेटत राहो, त्यासाठी आईने त्यांना शंभर वर्षे द्यावीत.